संसदेच्या दोन सभागृहांतील फरक कसा समजून घ्यावा

संसदेच्या दोन सभागृहांविषयी माहिती शोधू लागले, की बहुतेक ठिकाणी एक तक्ता समोर येतो. लोकसभेत ५४३ सदस्य, राज्यसभेत २४५. एकीकडे किमान वय २५, दुसरीकडे ३०. एकीची मुदत पाच वर्षांची, दुसरी कधीच विसर्जित न होणारी. यात चुकीचे काही नाही आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला एवढे पुरतेही. मात्र एका सभागृहात दणदणीत बहुमताने संमत झालेले विधेयक दुसऱ्यात का अडकून पडते, किंवा एका सभागृहात ठराव हरूनही निर्धास्त राहणारे सरकार दुसऱ्यात एका मताने हरताच का कोसळते, याचे उत्तर त्या तक्त्यातून मिळत नाही.

ते हवे असेल तर तक्त्याचा क्रम उलटा करावा. सदस्य किती आणि त्यांचे वय काय, हे सगळ्यात शेवटी पाहावे; दोन सभागृहांचे पटले नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळ्यात आधी. कोणत्याही देशाची राज्यघटना हाती घेतल्यावर प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, त्यांची उत्तरे कुठे सापडतात आणि वाचणाऱ्याची फसगत कुठे होते, ते पुढे दिले आहे. भारतापुरते बोलायचे तर यासाठी लागणारा बहुतेक मजकूर राज्यघटनेच्या पाचव्या भागात, मुख्यतः अनुच्छेद ७५ आणि ७९ ते १२२ यांत आहे. वाचताना वरिष्ठ आणि कनिष्ठ ही विशेषणे मात्र बाजूला ठेवावीत, कारण बहुतेक संसदीय लोकशाह्यांत सत्तेचे पारडे ज्याला कनिष्ठ म्हणतात त्याच सभागृहाकडे झुकलेले असते.

सरकार कोणाच्या विश्वासावर उभे आहे?

पहिला प्रश्न हा. राज्यघटनेत मंत्रिमंडळाची जबाबदारी सांगणारे कलम शोधावे आणि त्यात कोणत्या सभागृहाचे नाव आहे ते पाहावे. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ७५(३) सांगतो, की मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल. राज्यसभेचा तिथे उल्लेख नाही, आणि त्या अनुल्लेखातच दोन सभागृहांमधला सर्वांत मोठा फरक आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारने मांडलेला विश्वासदर्शक ठराव लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला आणि सरकार पडले. राज्यसभेत मात्र सरकारचे अल्पमत असले, तिथे त्याची विधेयके एकामागून एक अडली, तरी राजीनाम्याचा प्रश्न उद्भवत नाही.

या कलमाचा अर्थ पंतप्रधान लोकसभेचाच सदस्य असावा असा होत नाही, आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या आणि मनमोहन सिंग २००४ ते २०१४ ही दहाही वर्षे राज्यसभेतच होते. मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, पण मत फक्त आपल्या सभागृहात देता येते. त्यामुळे जुलै २००८ मध्ये मनमोहन सिंग यांनी लोकसभेत स्वतः विश्वासदर्शक ठराव मांडला, तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकलाही, परंतु त्या ठरावावर त्यांना स्वतःला मत देता आले नाही. ठराव मांडणारा एकीकडचा आणि त्याचा निवाडा करणारे दुसरीकडचे, अशी ही रचना एकदा ध्यानात आली की अनुच्छेद ७५(३) पाठ करावा लागत नाही.

ब्रिटन, फ्रान्स, जपान आणि जर्मनीतही सरकार एकाच सभागृहाच्या विश्वासावर चालते. फ्रान्समध्ये डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान बार्निए यांचे सरकार पाडले ते राष्ट्रीय सभेने. तिथल्या सिनेटला तो अधिकारच नाही. जपानच्या वरिष्ठ सभागृहाने जून २००८ मध्ये पंतप्रधान फुकुदा यांच्याविरुद्ध निंदाव्यंजक ठराव संमत केला, पण तो बंधनकारक नसल्यामुळे सरकार जागच्या जागी राहिले. बातमीत ‘सभागृहाने सरकारविरुद्ध ठराव केला’ असे वाचले, की तो कोणत्या सभागृहाने केला हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इटली या नियमाला ठळक अपवाद आहे. तिथे सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो. जानेवारी २००८ मध्ये पंतप्रधान प्रोदी यांनी एका सभागृहात विश्वासमत जिंकले आणि लगेच दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये १५६ विरुद्ध १६१ मतांनी ते हरले. तेवढ्याने सरकार गेले. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण तिथे कोणतेही सभागृह अविश्वास ठरावाने राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवू शकत नाही. अशा देशाचा विचार करताना या प्रश्नापाशी न थांबता पुढे जावे.

तिजोरीची किल्ली कोणाकडे?

दुसऱ्या प्रश्नासाठी अर्थविषयक कलमे काढावीत आणि त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात : पैशाचे विधेयक प्रथम कुठे मांडता येते, दुसऱ्या सभागृहाला त्यात बदल करता येतो का, आणि ते त्याला फेटाळता किंवा रोखून धरता येते का. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात आणि ती एकत्र करून वाचली तर हमखास चूक होते.

भारतात धन विधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च, कर्ज अशा पैशाच्या बाबींपुरते असलेले विधेयक, फक्त लोकसभेत मांडता येते. राज्यसभेला त्यावर शिफारशी करण्यासाठी १४ दिवस मिळतात. त्या शिफारशी स्वीकारणे किंवा नाकारणे सर्वस्वी लोकसभेच्या हाती असते आणि १४ दिवसांत विधेयक परत आले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. म्हणजे राज्यसभा सरकारचा पैसा रोखू शकत नाही. आता इथे एक बारकावा आहे आणि तो सोडला तर सगळे वाचन फुकट जाते. एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ११० प्रमाणे लोकसभेच्या अध्यक्षांना आहे, आणि तो शिक्का बसला की राज्यसभेचा नकाराधिकार उरत नाही. आधार विधेयक २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून आले. राज्यसभेने त्यावर पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने पाचही नाकारल्या आणि विधेयक आहे तसे संमत झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बहुमताने ते धन विधेयक म्हणून ग्राह्य धरले, तरी न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात त्याला सक्त विरोध नोंदवला आणि पुढच्याच वर्षी धन विधेयकाच्या व्याख्येचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. म्हणून पैशाचा अगदी दूरचा संबंध असलेल्या विधेयकावरही तो शिक्का आहे का, हे आधी पाहावे. नावात ‘वित्त’ असणे पुरेसे नाही. अनुच्छेद ११७ खाली येणारी काही वित्तीय विधेयके धन विधेयके नसतात आणि त्यांच्या बाबतीत राज्यसभेचे अधिकार शाबूत राहतात.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न भांडणातून सुटला. १९०९ साली उमराव सभेने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, सरकारचा अर्थसंकल्पच फेटाळला, त्यावर सार्वत्रिक निवडणूक लढली गेली आणि अखेर १९११ च्या कायद्याने धन विधेयक रोखून धरण्याची तिची मुदत एका महिन्यावर आणली. ऑस्ट्रेलियाने मात्र वेगळी वाट धरली. तिथल्या सिनेटला पैशाची विधेयके मांडता येत नाहीत आणि करांच्या किंवा नेहमीच्या खर्चाच्या विधेयकांत दुरुस्तीही करता येत नाही, परंतु ती मंजूर न करण्याचा अधिकार तिला आहे. दुरुस्ती नाही पण नकार आहे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा फरक १९७५ मध्ये किती महागात पडू शकतो ते दिसले. सिनेटने ऑक्टोबरपासून सरकारचा खर्च अडवून धरला आणि ११ नोव्हेंबर रोजी गव्हर्नर जनरल (तिथे राणीचे प्रतिनिधी) जॉन केर यांनी, प्रतिनिधिगृहात बहुमत असलेल्या पंतप्रधान व्हिटलॅम यांना पदावरून दूर केले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर काहीही असो, ज्या सभागृहाला खर्च रोखता येतो त्याच्या हाती सरकार पाडण्याचे अप्रत्यक्ष साधन असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. दोन्ही प्रश्न एकत्र ठेवून विचारायचे ते यासाठी.

पटले नाही तर काय?

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या प्रश्नाला. साधे विधेयक एका सभागृहाला हवे आहे आणि दुसऱ्याला नको आहे, अशी स्थिती उद्भवली तर घटनेने कोणता मार्ग ठेवला आहे, ते शोधावे. जगभर याची पाच-सहाच उत्तरे आढळतात आणि देश त्यांतले एक किंवा दोन निवडतात.

सर्वांत सरळ उत्तर म्हणजे ठरावीक काळानंतर एका सभागृहाचा शब्द अखेरचा मानणे. ब्रिटनमध्ये १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनुसार उमराव सभा साधे विधेयक सुमारे वर्षभर लांबवू शकते; त्यानंतर लोकप्रतिनिधी सभागृह तिच्या संमतीविना ते कायद्यात आणू शकते. शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या शिकारीवर बंदी घालणारा २००४ चा कायदा असाच झाला. संसदेची स्वतःची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढवणाऱ्या विधेयकाला मात्र हा मार्ग बंद आहे; तिथे उमराव सभेचा नकाराधिकार पूर्ण आहे, आणि दुसऱ्या सभागृहाचा खरा उपयोग कशाला असतो ते या एका अपवादावरून जितके कळते तितके इतर कशावरून क्वचितच कळत असेल. फ्रान्समध्ये आधी दोन्हीकडचे सात-सात सदस्य समितीत बसून तडजोड शोधतात. ती निघाली नाही तर सरकार राष्ट्रीय सभेला अंतिम निर्णय घ्यायला सांगू शकते.

भारताने संयुक्त बैठकीचा मार्ग निवडला. अनुच्छेद १०८ प्रमाणे दुसऱ्या सभागृहाने विधेयक फेटाळले, दुरुस्त्यांवर एकमत झाले नाही, किंवा सहा महिने उलटूनही दुसऱ्या सभागृहाने ते संमत केले नाही, तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्र बोलावू शकतात. बैठकीचे अध्यक्षपद लोकसभेचे अध्यक्ष भूषवतात आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने निर्णय होतो. हे कलम वाचून न थांबता कागदावर बेरीज करून पाहावी. सर्व जागा भरलेल्या आणि सर्व सदस्य हजर आहेत असे धरले, तर ५४३ आणि २४५ मिळून ७८८ मते होतात आणि बहुमताला ३९५ लागतात. लोकसभेत ३३० जागा असलेल्या आघाडीला राज्यसभेतल्या २४५ पैकी केवळ ६५ जणांची साथ पुरते. दोन्ही सभागृहांना समान वागणूक देणारे हे कलम प्रत्यक्षात लोकसभेचे पारडे जड करते, ते या गणितामुळे.

असे असूनही संयुक्त बैठकीत विधेयके संमत झाली ती तीनदाच : १९६१ मध्ये हुंडाप्रतिबंधक विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी, जे ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. या विरळ वापरावरून हा मार्ग निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण तो उपलब्ध आहे याची जाणीव दोन्ही बाजूंना वाटाघाटी करतानाही असते. उलट तो उपलब्ध असूनही सरकार कधीकधी माघार घेते. भूसंपादन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक २०१५ मध्ये लोकसभेने संमत केले, राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हते, अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून काम चालवले गेले आणि शेवटी संयुक्त बैठक न बोलावता ऑगस्टअखेर तो अध्यादेश संपू दिला गेला. घटनेतला मार्ग आणि राजकारणात परवडणारा मार्ग हे दोन वेगळे असतात, याची नोंद ठेवूनच पुढे जावे.

घटनादुरुस्ती विधेयकाला मात्र संयुक्त बैठक लागू नाही. तिथे प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि इथे राज्यसभा लोकसभेच्या पूर्ण बरोबरीची आहे. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. एकूण २२४ मतांचे दोन-तृतीयांश १४९ पूर्णांक एक-तृतीयांश होतात, म्हणजे ठराव एका मतापेक्षाही कमी अंतराने पडला आणि तनख्यांचा प्रश्न पुढच्या वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने सुटला. पंचायतींना घटनात्मक स्थान देणारे पहिले विधेयकही १९८९ मध्ये राज्यसभेतच अडले. म्हणून ‘राज्यसभेला फारसे अधिकार नाहीत’ असे सरसकट विधान कोणी केले, तर विधेयक कोणत्या प्रकारचे, हा प्रतिप्रश्न करावा.

जपानमध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळलेले साधे विधेयक कनिष्ठ सभागृह हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करू शकते. अर्थसंकल्पाच्या बाबतीत ३० दिवस वाट पाहणे पुरते. २००५ मध्ये कोइझुमी सरकारची टपाल खासगीकरणाची विधेयके वरिष्ठ सभागृहाने फेटाळली तेव्हा सरकारकडे दोन-तृतीयांश बळ नव्हते. पंतप्रधानांनी मग विधेयके फेटाळणाऱ्या सभागृहाला हात लावला नाही (तसा अधिकारच त्यांना नव्हता). त्यांनी विधेयके संमत करणारे कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, सप्टेंबरच्या निवडणुकीत मोठा विजय मिळवला आणि ऑक्टोबरात त्याच वरिष्ठ सभागृहाने विधेयके निमूटपणे मान्य केली. ऑस्ट्रेलियात सिनेटने तेच विधेयक तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा अडवले तर दोन्ही सभागृहे एकाच वेळी विसर्जित करता येतात, आणि नव्या निवडणुकीनंतरही तिढा कायम राहिला तर संयुक्त बैठक बोलावता येते. ही दुसरी पायरी तिथे एकदाच, १९७४ मध्ये, गाठली गेली.

काही देशांत तिढा सोडवणारा असा कोणताच दट्ट्या नाही. अमेरिका आणि इटली यांत विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच शब्दांत संमत करावे लागते, आणि तसे होईपर्यंत ते इकडून तिकडे फिरत राहते. इटलीत सिनेटचे अधिकार कमी करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये सार्वमताला टाकला गेला आणि मतदारांनी तो नाकारला. असा देश समोर आला की दोन्ही सभागृहे समान बळाची आहेत असे समजावे आणि फरक पुढच्या दोन प्रश्नांत शोधावा.

सदस्य कोणाचे देणे लागतात?

सदस्य कसे निवडले जातात हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा, त्या सदस्याला पुन्हा निवडून यायचे असेल तर कोणाला राजी ठेवावे लागते, असे विचारावे. उत्तर अधिक उपयोगी मिळते. लोकसभेचा खासदार मतदारसंघाचे देणे लागतो. राज्यसभेचा खासदार विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांकडून, पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडला जातो आणि २००३ पासून हे मतदान खुल्या पद्धतीने होत असल्याने आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. त्याच वर्षी उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अटही काढण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही बदल वैध ठरवले. परिणाम उघड आहे : राज्यसभेचा सदस्य राज्यापेक्षा पक्षाचे देणे अधिक लागतो. राज्यांचे सभागृह म्हणून तिचे वर्णन करताना ही मर्यादा सांगितली नाही, तर ते वर्णन अर्धे राहते. राष्ट्रपतींनी नेमलेले १२ सदस्य अर्थात या हिशेबाबाहेरचे आहेत.

जागांची वाटणी पाहिली की तोच मुद्दा आणखी स्पष्ट होतो. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत, मग ते राज्य कॅलिफोर्निया असो की वायोमिंग. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याला १२ आहेत. भारतात मात्र राज्यसभेच्या जागाही लोकसंख्येच्या मानाने वाटल्या आहेत, त्यामुळे उत्तर प्रदेशाला ३१ आणि सिक्कीमला एक मिळते. जर्मनीने मधला मार्ग काढून प्रत्येक राज्याला तीन ते सहा मते दिली आहेत. एकूण मते ६९.

जर्मनीच्या या सभागृहाचा एक विशेष इतका निराळा आहे, की त्याला सभागृह म्हणावे का यावर तिथले घटनातज्ज्ञ वाद घालतात. त्याचे सदस्य निवडून आलेले खासदार नसतात. राज्यांच्या सरकारांतले मंत्रीच तिथे बसतात आणि राज्याची सगळी मते एकाच बाजूला पडावी लागतात. मार्च २००२ मध्ये स्थलांतरविषयक कायद्यावर मतदान होताना ब्रांडेनबुर्ग राज्याच्या प्रतिनिधींनी परस्परविरोधी मते दिली, पीठासीन अध्यक्षांनी ती होकार म्हणून मोजली आणि त्याच वर्षी डिसेंबरात घटना न्यायालयाने तेवढ्या कारणावरून संपूर्ण कायदा रद्द ठरवला. कॅनडात याच्या अगदी उलट टोक दिसते. तिथले १०५ सिनेटर पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत पदावर राहतात, म्हणजे पुन्हा निवडून येण्याची काळजी त्यांना नसते, पण लोकांनी निवडलेल्या सभागृहाला दीर्घकाळ अडवण्याचे नैतिक बळही नसते.

कोणाची मुदत कधी संपते?

एका सभागृहाची मुदत संपताना दुसरे चालूच असते, या साध्या गोष्टीतून दोन परिणाम निघतात. पहिला असा, की दोन्हींतली पक्षीय स्थिती वेगवेगळ्या काळातली असते. राज्यसभेचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्यामुळे लोकसभेत आज मिळालेला कौल राज्यसभेत उमटायला काही वर्षे जातात, आणि तोही मधल्या काळात विधानसभांचे निकाल अनुकूल लागले तरच. जपानच्या वरिष्ठ सभागृहातले निम्मे सदस्य दर तीन वर्षांनी बदलतात. नव्या सरकारची विधेयके पहिल्या एक-दोन वर्षांत का अडतात, याचे कारण बरेचदा एवढेच असते.

दुसरा परिणाम प्रलंबित विधेयकांवर होतो आणि अनुच्छेद १०७ नीट वाचल्याशिवाय तो कळत नाही. लोकसभा विसर्जित झाली, की तिच्यापुढे प्रलंबित असलेले प्रत्येक विधेयक व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते, मग ते मुळात कुठेही मांडलेले असो. तिने संमत केलेले पण राज्यसभेत प्रलंबित असलेले विधेयकही व्यपगत होते. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अजून संमत न केलेले विधेयक राज्यसभेतच पडून असेल, तर ते जिवंत राहते. यातून एक विचित्र गोष्ट घडते. महिला आरक्षणाचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. सभागृह कायम असल्याने २००९ ची लोकसभा निवडणूक त्याला बाधली नाही. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते १८६ विरुद्ध एक अशा मतांनी संमत केले आणि ते लोकसभेकडे गेले. तिथे ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपले. एक पाऊल पुढे गेल्यामुळेच ते मरणाधीन झाले म्हणायचे. २०२३ मध्ये सगळी प्रक्रिया नव्या विधेयकाने, आणि या वेळी लोकसभेपासून, सुरू करावी लागली.

एकाच सभागृहाकडे असलेली कामे

राज्यघटनेत एखाद्याच सभागृहाला दिलेले अधिकार विखुरलेले असतात. ते वेगळे टिपून घ्यावेत. अमेरिकेत महसुलाची विधेयके प्रतिनिधिगृहातच सुरू होतात, तर करारांना मंजुरी आणि मोठ्या नेमणुकांना संमती फक्त सिनेट देते. महाभियोगाचे आरोप पहिले सभागृह ठेवते आणि त्यांची सुनावणी दुसरे करते. भारतात राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने राष्ट्रहितासाठी कायदा करावा, असा ठराव अनुच्छेद २४९ प्रमाणे दोन-तृतीयांश मतांनी करू शकते ती राज्यसभाच. नव्या अखिल भारतीय सेवेची वाटही अनुच्छेद ३१२ खाली तिच्याच ठरावाने मोकळी होते, उपराष्ट्रपतींना दूर करण्याचा प्रस्ताव तिथेच सुरू होतो, आणि लोकसभा विसर्जित असताना आणीबाणीच्या उद्घोषणेला तूर्त मान्यता देण्याचे काम तिच्यावरच येते. राष्ट्रपतींची निवडणूक, त्यांच्यावरील महाभियोग आणि न्यायाधीशांना दूर करणे यांत मात्र दोन्ही सभागृहे समान पातळीवर आहेत. हिरवा गालिचा लोकसभेचा आणि लाल राज्यसभेचा, ही ब्रिटनकडून आलेली खूण दूरचित्रवाणीवर सभागृह ओळखायला उपयोगी आहे. त्यापलीकडे तिच्यात शोधण्यासारखे काही नाही.

एका विधेयकावर पडताळणी

हे सगळे पक्के करायचे असेल तर वादग्रस्त ठरलेले एकच विधेयक घेऊन त्याचा प्रवास कागदोपत्री तपासावा. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाची मूळ प्रत मिळते. तिच्यावरचा क्रमांक आधी पाहावा : लोकसभेत मांडलेल्या विधेयकांना साधे अंक असतात आणि राज्यसभेत मांडलेल्यांना रोमन अंक, त्यामुळे सुरुवात कुठे झाली हे न वाचताच कळते. त्यानंतर ते धन विधेयक म्हणून प्रमाणित झाले आहे का, घटनादुरुस्तीचे आहे का की साधे आहे, हे ठरवावे; त्यावरून दुसऱ्या सभागृहाचे बळ शून्य, पूर्ण की मधले, ते निश्चित होते. मग दोन्ही सभागृहांत ते संमत झाल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात. अंतर एक-दोन दिवसांचे असेल तर दुसऱ्या सभागृहाने फारसा प्रतिकार केला नसावा. काही महिन्यांचे असेल तर ते मधल्या काळात कोणत्या समितीकडे होते, दुरुस्त्यांसह परत पाठवले गेले का, हे शोधावे.

शेवटी मतदानाची नोंद पाहावी, आणि इथे एका अडचणीची तयारी ठेवावी. बहुतेक साधी विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंदच उरत नाही आणि राज्यसभेतला विरोध किती खोल होता हे आकड्यांवरून सांगता येत नाही. अशा वेळी चर्चेचे शब्दशः वृत्त वाचण्याला पर्याय नाही. घटनादुरुस्ती विधेयकांवर मात्र मतविभागणी घ्यावीच लागते आणि तिचे आकडे नोंदलेले असतात. सुरुवात त्यांतल्याच एखाद्यापासून केलेली सोयीची.